सरासरीपासूनचे अंतर

१९२० च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे सातवे अधिवेशन नागपुरात भरले. अध्यक्षस्थानी आचार्य प्रफुल्लचंद्र राय होते. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन इथे झाले, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले, आणि १९२० म्हटले की नागपूरकरांना तेच आठवते. जानेवारीतल्या त्या शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात झालेली एक गाठभेटही लक्षात ठेवण्याजोगी आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे सव्वीस वर्षांचे प्रशांतचंद्र महालनोबिस अधिवेशनाला आले होते. प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल त्यांना इथे भेटले. कलकत्त्यातल्या दोनशे अँग्लो-इंडियन पुरुषांची शरीरमापे अ‍ॅनन्डेल यांनी गोळा करून ठेवली होती. त्या आकड्यांतून काही निष्पन्न होते का ते पाहा, असे त्यांनी महालनोबिसांना सुचवले.

हे काम महालनोबिसांकडे यावे यामागे थोडा पूर्वेतिहास होता. केंब्रिजमधले शिक्षण आटोपून १९१५ मध्ये मायदेशी निघताना ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे अंक त्यांच्या हाती लागले होते. जीवशास्त्रातले प्रश्न गणिताने सोडवता येतात हे त्यांनी त्यात वाचले आणि त्या विषयाने त्यांना पकडले. वाचन होते, पण स्वतःची अशी सामग्री नव्हती. ती नागपुरात मिळाली. १९२२ मध्ये अँग्लो-इंडियनांच्या उंचीवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तो त्यांचा पहिला शास्त्रीय निबंध.

या कामातून एक पेच पुढे आला. दोन जनसमूह एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे एका मापावरून सांगता येत नाही. उंची घ्यावी तर नाकाचे काय, नाक घ्यावे तर डोक्याच्या लांबीचे काय? सगळ्या मापांतले फरक नुसते बेरजेला धरले तर तेही चूकच, कारण उंच माणसाचे हातपायही बहुधा लांब असतात. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. प्रत्येक मापाचा स्वतःचा चढउतार आणि मापामापांतला परस्परसंबंध दोन्ही हिशेबात घेऊन एकच अंतर काढायचे सूत्र महालनोबिसांनी बसवले, आणि १९३६ मध्ये ते पूर्ण रूपात मांडले. आज जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कारखान्यातला सदोष माल ओळखण्यापासून उपग्रहाच्या छायाचित्रातले पीक ओळखण्यापर्यंत ते वापरतात.

महाराष्ट्रात हे गणित आले ते इरावती कर्वे यांच्या कामातून. डेक्कन कॉलेजच्या इरावतीबाई आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे विनायक महादेव दांडेकर या दोघांनी मिळून महाराष्ट्रातल्या जातीजमातींच्या शरीरमापांचा अभ्यास केला. तो ग्रंथ १९५१ मध्ये निघाला. मापे घेण्यासाठी इरावतीबाई गावोगाव हिंडल्या होत्या. आकड्यांची बाजू दांडेकरांची. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती प्रत्यक्षात एकजिनसी नसतात, पोटजातींचे मूळ वेगवेगळे असू शकते, ही इरावतीबाईंची पुढची मांडणी अशा मोजमापांवर उभी राहिली. डोकी आणि नाके मोजण्याचा हा उद्योग इंग्रजी अमलात माणसांची उच्चनीच प्रतवारी लावण्यासाठी झाला होता, हे विसरता येत नाही. इरावतीबाईंनी त्याच साधनाने ती प्रतवारी खिळखिळी केली. आयुष्यभर अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या गेलेल्या दांडेकरांच्या नावावरचे हे सुरुवातीचे काम मानववंशशास्त्रातले आहे. विदर्भाच्या इतिहासाला वळण देणारी आकडेमोड तेहतीस वर्षांनी त्यांच्याच हातून व्हायची होती.

पण त्याआधी विदर्भाच्या मातीत संख्याशास्त्र उतरले ते कापसाच्या निमित्ताने.

इंग्रजी अमलात पिकाचा अंदाज काढण्याची रीत अशी होती: पेऱ्याखालचे क्षेत्र घ्यायचे, सर्वसाधारण वर्षी एकरी किती पिकते तो आकडा घ्यायचा, आणि यंदा पीक किती आणे आहे ते महसुली नोकराने नजरेने ठरवायचे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. या आणेवारीवर शेतसाऱ्याची सूट ठरे, दुष्काळ जाहीर होई किंवा होत नसे. रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर तिची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर या प्रश्नावर वऱ्हाडातली खेडी अजूनही दरवर्षी श्वास रोखून बसतात. नजरेच्या अंदाजात नजर कोणाची हे महत्त्वाचे ठरते. सारा बुडू नये अशी सरकारची इच्छा, सूट मिळावी अशी गावाची. पटवारी दोघांच्या मध्ये. कापसाच्या बाबतीत तर सरकारी अंदाजाची झाडाझडती आपोआप होई, कारण गिरण्यांत खपलेल्या आणि परदेशी गेलेल्या गाठी मोजता येत. अंदाज आणि गाठी यांचा मेळ बसत नसे.

यावरचा उपाय बिहार-ओरिसात सापडला होता. जॉन हबक या सनदी अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात भाताची शेते निवडताना कोणाचीही मर्जी चालू दिली नाही. शेतातली जागा दैवगतीने निवडायची, तेवढ्या तुकड्यातले भात कापायचे आणि तोलायचे. तुकडा घेतला एकराच्या बत्तीसशेव्या भागाचा. यात मोठी कल्पकता होती. एका मणाचे चाळीस शेर आणि शेराचे ऐंशी तोळे, म्हणजे मणाचे बत्तीसशे तोळे. त्यामुळे तुकड्यात जितके तोळे भात भरेल तितके मण एकरी उत्पन्न. गुणाकार नाही, भागाकार नाही. खेड्यातल्या कारकुनाला चूक करायला वावच नाही. १९२७ मध्ये पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेने त्यांची पुस्तिका काढली. इंग्लंडात रॉथॅमस्टेड इथे शेतीच्या प्रयोगांचे नवे संख्याशास्त्र घडवणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनीही तिची दखल घेतली.

कापसाला ही पद्धत लावण्याचे काम विनायक गोविंद पानसे यांनी केले. ते इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. १९४२-४३ च्या हंगामात त्यांनी अकोला जिल्हा निवडला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेती खात्यातले आर. जे. कळमकर हेही या विषयात त्यांच्यासोबत होते. कळमकरांनी रॉथॅमस्टेडला काम केलेले होते, आणि अकोला-जळगावच्या सरकारी शेतांवर पाऊस कसा पडला की कापूस किती येतो याचा गणिती अभ्यासही त्यांच्या नावावर होता. १९४४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये पानसे-कळमकरांचा पीक-अंदाजांवरचा लेख आला.

कापसाचे काम भातापेक्षा अवघड. भात एकदा कापला की संपले. कापसाची बोंडे एकदम फुटत नाहीत. दसऱ्याच्या आगेमागे सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभीची पूजा, झाली की पुढे दोन-तीन महिने वेचे चालू राहतात. म्हणजे चिठ्ठीने निवडलेल्या शेतातला तुकडा खुंट्या रोवून, दोरी बांधून राखायचा, प्रत्येक वेच्याला तिथे जायचे, तेवढ्याच तुकड्यातला कापूस वेगळा वेचून तोलायचा आणि सगळ्या वेच्यांची बेरीज करायची. शेतकऱ्याने तो तुकडा आधीच वेचून टाकला तर प्रयोग गेला. गावे चिठ्ठीने, गावातली शेते चिठ्ठीने, शेतातली जागा चिठ्ठीने. पाटलाचे शेत बांधाला आहे, रस्त्यालगत आहे, पीक तरारलेले आहे, म्हणून ते घ्यायचे नाही. पहिल्यांदाच एका जिल्ह्याच्या कापसाचा आकडा असा निघाला की ज्यात चूक किती असू शकते हेही सांगता येत होते. माझ्या मते पूर्वीच्या आणेवारीशी त्याचा खरा फरक इथे आहे. पटवाऱ्याचा आकडा बरोबर असेल किंवा चूक असेल. तो किती चुकीचा असू शकतो हे मात्र पटवाऱ्यालाही सांगता येत नसे.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली आणि देशात धान्य किती आहे हे सरकारला माहीत नाही ही गोष्ट उघडी पडली. त्यानंतर पीक कापणीचे प्रयोग झपाट्याने पसरले. भारतीय कृषी संशोधन परिषदेत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्यांच्यात आणि महालनोबिसांच्यात तुकड्याच्या आकारावरून मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. थोड्या खर्चात अनेक ठिकाणी कापणी होते. सुखात्म्यांनी मुरादाबादला गव्हावर प्रयोग करून दाखवले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगून दिसते, कारण कडेला उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर हे ठरवताना माणसाचा हात आत झुकतो. शेतावर उभे राहून सुटलेला हा वाद आहे. शेवटी देशात मोठ्या तुकड्यांची पद्धत रूढ झाली. पानसे आणि सुखात्मे यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. नागपुरात धरमपेठेतून सीताबर्डीकडे जाताना महाराजबागेपाशी १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय लागते. तिथून बाहेर पडलेल्या कित्येक कृषी अधिकाऱ्यांच्या हातून हे प्रयोग झाले आहेत.

सुखात्मे १९५१ च्या सुमारास रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले. तिथे जगातली भूक मोजण्याचे काम त्यांच्याकडे आले. शेताच्या तुकड्यावरून माणसाच्या ताटाकडे असा त्यांचा प्रवास झाला. इकडे देशात १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली होती. चिठ्ठीने निवडलेल्या घरांत जाऊन कोण काय खाते, किती खर्च करते याची नोंद होऊ लागली होती. त्या नोंदी घेऊन दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दररोज २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न घेण्याजोगा खर्च ही त्यांची कसोटी. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या वर्षी खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली जवळपास निम्मी माणसे या रेषेखाली होती. हा आकडा संसदेत, वर्तमानपत्रांत, निवडणुकीच्या सभांत गेला. दांडेकर-रथांनी उपाय म्हणून सार्वजनिक कामांवर रोजगार मागितला होता. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना त्याच सुमारास आकार घेत होती, आणि १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज कोणाला पटवून द्यायची बाकी ठेवली नाही.

रोमहून परतलेल्या सुखात्म्यांना मात्र दांडेकरांची रेषा मान्य झाली नाही. एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते, शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे. सरासरीच्या बरेच खाली गेल्यावरच उपासमार मानावी. तसे केले तर उपाशी माणसांची संख्या खूपच उतरते. दांडेकरांनी ते नाकारले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर चालला. दोघेही सातारचे, दोघेही मूळचे संख्याशास्त्रज्ञ. वाद वरवर पाहता पोषणाचा, पण त्याचा गाभा असा की सरासरीच्या खाली असणे म्हणजे नेमके काय. मला वाटते, दारिद्र्याच्या मोजणीत दांडेकर अधिक बरोबर होते. पोट जुळवून घेते म्हणून तुटीला तूट म्हणायचे नाही, हा युक्तिवाद राज्यकर्त्यांच्या फार सोयीचा ठरतो.

या वादाच्या धगीतच १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने दांडेकरांना एका समितीचे अध्यक्ष केले. काम होते महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलाचे सत्य शोधण्याचे.

तोवर या प्रश्नाला तीस वर्षे झाली होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, नानासाहेब कुंटे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील अशा नेत्यांच्या सह्या आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात वाजवी वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, ही त्यातली वचने. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. ते झाले नाही. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) आले, ज्यायोगे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे नेमून निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर सोपवता येणार होती. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर राजधानी राहिली नाही. अधिवेशन मात्र काही वर्षे वगळता इथे होत राहिले. धरमपेठेतल्या माणसाला ते मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्च्यांनी आणि वळवलेल्या वाहतुकीने कळते. मोर्च्यांतली मागणी एकच असे: अन्याय दूर करा. आणि मुंबईचे उत्तरही एकच असे: अन्याय कुठे आहे ते दाखवा. दोन्ही बाजूंकडे भावना होत्या, उदाहरणे होती, हिशेब नव्हता.

हिशेब कसा मांडायचा हेच समितीपुढचे अवघड काम होते. सरकारने कुठे किती रुपये खर्च केले याची बेरीज करून भागत नव्हते, कारण खर्चलेला रुपया आणि जमिनीवर उभे राहिलेले काम एकच नसते. समितीने रस्ते, सिंचन, खेड्यांचे विद्युतीकरण, सर्वसाधारण शिक्षण, तांत्रिक शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीनविकास, पशुवैद्यक सेवा अशी क्षेत्रे घेतली. प्रत्येकात जिल्ह्याकडे प्रत्यक्ष काय आहे ते मोजले आणि राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिले. सरासरीच्या खाली जितके अंतर, तितकी तूट. ती भरून काढायला आजच्या दराने किती खर्च येईल तो तिचा अनुशेष. बेरीज जिल्ह्याजिल्ह्याची आणि क्षेत्राक्षेत्राची. एका जिल्ह्यात शाळा भरपूर आहेत म्हणून तिथल्या कोरड्या शेताची तूट फिटत नाही. नागपूर जिल्ह्यात रस्ते आहेत म्हणून गडचिरोलीचा रस्ता झाला असे होत नाही. तीस वर्षांपूर्वी शरीरमापांच्या कामात एकच सरमिसळ आकडा किती फसवतो हे दांडेकरांनी जवळून पाहिले होते. इथली त्यांची शिस्त मला त्या कामाची सख्खी वाटते.

एप्रिल १९८४ मध्ये अहवाल आला. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७७ लाख रुपये. त्यात विदर्भ १,२४६ कोटी ५४ लाख, मराठवाडा ७५० कोटी ८५ लाख आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९ कोटी ३८ लाख. टक्क्यांत ३९.१२, २३.५६ आणि ३७.३२. सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा. १९८१ च्या जनगणनेत राज्याची जेमतेम २३ टक्के माणसे विदर्भात होती. त्यांच्या वाट्याला तुटीचा ३९ टक्के भाग आला होता.

विदर्भात या आकड्याने जे झाले ते झाले. पण अहवालातला तिसरा आकडा तितक्याच लक्षपूर्वक वाचायला हवा होता. एक तृतीयांशाहून अधिक अनुशेष पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशात होता. कोकणातली खेडी आणि माणदेशाकडचे दुष्काळी पट्टे यांचीही तूट या हिशेबाने उघड केली. पुण्या-मुंबईच्या दिशेने बोट दाखवणाऱ्या राजकारणाला ते गैरसोयीचे होते, आणि सगळा विदर्भ एकसारखा मागास आहे असे मानणाऱ्यांनाही. सरकारने अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही. तरी १९८५-८६ पासून अर्थसंकल्पात अनुशेषासाठी वेगळी तरतूद सुरू झाली. ज्या आकड्याला सरकारने नाव दिले नाही त्याच आकड्याने सरकार पैसे वाटू लागले.

या मोजणीत दोन अडचणी होत्या आणि त्या पुढे वाढत गेल्या. सरासरी स्थिर नसते. मागे पडलेला जिल्हा दोन पावले पुढे येतो तोवर पुढचे जिल्हे पाच पावले गेलेले असतात, आणि सरासरीही वर सरकते. १९८४ ची तूट भरून काढली तरी १९९४ ची तूट उरतेच. दुसरी अडचण रुपयाची. १९८३ मध्ये विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाला मंजुरी मिळाली तेव्हा त्याचा खर्च ३७२ कोटी धरला होता. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २०१६ मधला सुधारित खर्च १८ हजार ४९४ कोटींवर गेला होता. म्हणजे ज्या वर्षी समिती नेमली त्या वर्षीच्या रुपयांत लिहिलेला सिंचनाचा अनुशेष नुसता कागदावर फेडला, तर कालव्यात पाणी येत नाही.

कलम ३७१ (२) खालची मंडळे यायला घटनादुरुस्तीपासून अडतीस वर्षे लागली. ९ मार्च १९९४ ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि १ मे पासून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची वैधानिक विकास मंडळे झाली. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली तेव्हा अनुशेष १४,००६ कोटी ७७ लाख निघाला, त्यात विदर्भाचा ६,६२४ कोटी २ लाख. दहा वर्षांत ३९ टक्क्यांचा हिस्सा ४७ टक्क्यांवर गेला होता. १५ डिसेंबर २००१ ला राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधीवाटपाचे निर्देश दिले. नागपुरात अ‍ॅड. मधुकरराव किंमतकर यांच्यासारखी माणसे या आकड्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करत राहिली. अर्थसंकल्पातली तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतली तफावत ते जाहीरपणे मांडत. बाकी क्षेत्रांतला अनुशेष हळूहळू कागदावर संपला. सिंचनाचा मात्र अमरावती विभागातल्या अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या पट्ट्यात सर्वांत शेवटपर्यंत राहिला. पानशांनी जिथे कापसाचे तुकडे आखले होते तोच हा कोरडवाहू प्रदेश.

पावसावर जगणाऱ्या या प्रदेशासाठी दांडेकरांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. १९७६ मध्ये त्यांनी पीकविम्याची मांडणी केली. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजणे अशक्य आणि भांडणाचे. त्याऐवजी एका परिसरात पीक कापणीचे प्रयोग करावेत, सरासरी उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली गेले तर त्या परिसरातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्यावी. १९७९ मध्ये जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनने ही पद्धत प्रायोगिक स्वरूपात घेतली, १९८५ च्या व्यापक पीकविमा योजनेत ती आली आणि २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचाही ती पाया आहे. आज यवतमाळच्या शेतकऱ्याला भरपाई मिळेल की नाही हे ठरवताना, चिठ्ठीने निवडलेल्या शेतातला तोच दोरी बांधलेला तुकडा मोजला जातो.

सरासरीच्या या हिशेबात परिसर किती मोठा धरायचा याला फार महत्त्व आहे. महसूल मंडळ एक धरले तर नाल्याकाठच्या गावाचे चांगले पीक बरड रानातल्या गावाचे नुकसान झाकून टाकते. राज्याच्या समतोल विकासासाठी नेमलेल्या विजय केळकर समितीने २०१३ च्या आपल्या अहवालात जिल्ह्याच्या खाली उतरून तालुक्याच्या पातळीवर पाहण्यावर भर दिला तो याच कारणाने. तो अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मांडला गेला. त्याच्या शिफारशी अंमलात आल्या नाहीत. ३० एप्रिल २०२० ला तिन्ही विकास मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्स्थापनेची शिफारस करायचे ठरवले.

दांडेकर ३० जुलै १९९५ ला गेले, सुखात्मे १९९७ मध्ये. त्यांच्या पद्धती सरकारच्या दप्तरात आहेत. त्या चालवायला मोजणारी माणसे आणि तपासणारी जनता हवी. विदर्भाचा अनुशेष आजच्या स्थितीवर, तालुकावार, प्रत्यक्ष कामांत मोजून जाहीर करावा, ही मागणी हिवाळी अधिवेशनावर येणाऱ्या प्रत्येक मोर्च्याच्या निवेदनात पहिली असायला हवी. आणि ज्या वाचकांची शेती गावाकडे आहे त्यांनी येत्या हंगामात एवढे करावे: आपल्या गावात पीक कापणी प्रयोग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी आहे ते कृषी सहायकाला विचारून घ्यावे, त्या दिवशी तिथे हजर राहावे, आणि तोललेला आकडा स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावा.